अकरा नंबरची केबिन

जुन्या कथा, नवी मुलं : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या मिडास राजापाशी थांबलो होतो. मिडासची गोष्ट लहानपणी ऐकलेल्या प्रत्येकाला त्याची सोन्याची झालेली मुलगी आठवते. रोमन कवी ओव्हिडने सांगितलेल्या कथेत मात्र ही मुलगी नाहीच. तिथे राजाच्या हातातली भाकर सोनं होते, ओठाला लावलेली वाइन सोनं होते आणि उपाशी राजा शेवटी देवाला शरण जातो. मुलगी आणली ती हॉथॉर्नने, १८५१ साली, मुलांसाठी कथा लिहायला बसल्यावर. बापाच्या हावेची किंमत मोजणारं एक लेकरू समोर उभं राहिलं आणि कथा मुलांची झाली.

मुळात ग्रीक पुराणकथा मुलांसाठी नव्हत्याच. त्यांत मुलं पुष्कळ आहेत, पण कुणाला बापाने गिळलंय, कुणाला डोंगरावर टाकून दिलंय, कुणाला आईसकट पेटीत घालून समुद्रात सोडलंय. त्या मुलांना काय वाटलं, हे विचारायला कवी फारसे थांबत नाहीत. त्यांची नजर देवांच्या भांडणांकडे आणि राजांच्या वंशावळीकडे. हॉथॉर्ननंतर दीडशे वर्षांनी एका अमेरिकन शिक्षकाने तो प्रश्न विचारला आणि त्यावर पाच कादंबऱ्या उभ्या केल्या. आज ग्रीक पुराणांवर बेतलेल्या किशोरांच्या अद्भुत कादंबऱ्यांनी दुकानांतली कपाटंच्या कपाटं भरली आहेत, त्या लाटेत या पाच कादंबऱ्यांचा नायक पर्सी जॅक्सन याचा वाटा सगळ्यात मोठा. म्हणून हा भाग त्याचा.

रिक रायर्डन हे टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचे. सुमारे पंधरा वर्षं त्यांनी शाळेत इंग्रजी आणि इतिहास शिकवला, जोडीला मोठ्यांसाठी रहस्यकथा लिहिल्या. थोरला मुलगा दुसरीत असताना त्याला डिस्लेक्सिया आणि एडीएचडी असल्याचं निदान झालं. वाचन त्याला नकोसं व्हायचं, पण ग्रीक पुराणकथा आवडायच्या. रात्री झोपताना बाबांनी त्या सांगायच्या, असा परिपाठ पडला. ठाऊक होत्या तेवढ्या कथा संपल्या तेव्हा त्याने नव्या मागितल्या. मग रायर्डननी आजच्या न्यूयॉर्कमधला, देवाचा मुलगा असलेला एक पोरगा कल्पून तीन रात्री त्याची गोष्ट सांगितली. हे लिहून काढा, असं मुलगाच म्हणाला. ‘द लायटनिंग थीफ’ हे पहिलं पुस्तक २००५ साली आलं. छापायला देण्याआधी रायर्डननी हस्तलिखित आपल्या शाळेतल्या मुलांना वाचायला दिलं होतं. पर्सीची तलवार एरवी खिशातलं साधं पेन असते. ती कशी चालावी, यावर त्या वर्गाने सूचनाही केल्या.

बारा वर्षांच्या पर्सीला अक्षरं नाचताना दिसतात, त्याला एका जागी बसवत नाही आणि सहा वर्षांत त्याच्या सहा शाळा झाल्या आहेत. पुढे त्याला कळतं की आपल्या मेंदूची घडणच प्राचीन ग्रीक वाचण्यासाठी झाली आहे, आणि वर्गात ओरडा खाणारी चुळबुळ रणांगणावर जीव वाचवते. ही खोटी भलामण आहे, व्याधीला असं वरदान ठरवू नये, असा आक्षेप कुणी घेईल. मला तो पटत नाही. पर्सीच्या अडचणी कादंबरी झाकत नाही. पाचही पुस्तकं तो अभ्यासात धडपडत राहतो. फक्त, आपल्यात काहीतरी मोडकं आहे असं पहिलीपासून ऐकत आलेल्या मुलाला कुणीतरी प्रथमच वेगळं कारण सांगतं. आणि ते सांगणाऱ्यांत त्याचा व्हीलचेअरवरचा लॅटिनचा शिक्षकही आहे, जो प्रत्यक्षात अकिलिसला घडवणारा अश्वमानव कायरॉन निघतो. शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसालाच असा शिक्षक सुचतो.

आता पर्सी पुढे जिथे पोचतो, त्या लाँग आयलंडवरच्या शिबिरात जाऊ. देव आणि माणूस यांच्या संबंधातून जन्मलेल्या मुलांसाठी तिथे बारा केबिन आहेत, ऑलिम्पसवरच्या बारा देवांच्या नावे एकेक. पहिली झ्यूसची, तिसरी समुद्रदेव पोसायडनची, सहावी अथेनाची. बापाने किंवा आईने ओळख दिली की मूल आपापल्या केबिनमध्ये राहायला जातं. ज्यांना अजून कुणी ओळख दिलेली नाही, ती सगळी अकरा नंबरमध्ये. ही हर्मीसची केबिन. हर्मीस वाटसरूंचा देव, त्यामुळे त्याच्या दारातून कुणाला परत पाठवत नाहीत. परिणाम असा की पलंग भरलेले, उरलेली पोरं जमिनीवर स्लीपिंग बॅग टाकून दाटीवाटीने झोपलेली, रंग उडालेला उंबरठा पायांनी झिजलेला. पर्सीला तिथे जमिनीवर वीतभर जागा मिळते. आणि शेजारीच पोसायडनची केबिन रिकामी, हेराचीही रिकामी. हेरा लग्नाची देवता, तिला लग्नाबाहेरची मुलं असणारच नाहीत. तिची केबिन नुसती मानाची.

एवढ्या एका मांडणीत रायर्डननी सगळं सांगून टाकलं आहे. ऑलिम्पसवर सिंहासन असलेल्यांनाच केबिन मिळते, बाकीच्या देवांच्या मुलांना नावापुरतंही घर नाही. सूडाची देवता नेमेसिस घ्या. तिचा मुलगा ईथन नाकामुरा. आपली आई कोण हे कळूनही त्याला शिबिरात स्वतःचं छप्पर नाही. काही मुलं वर्षानुवर्षं संदेशाची वाट पाहत अकरा नंबरमध्येच मोठी होतात. पर्सीला ओळख मिळते तो प्रसंगही आनंदाचा नाही. खेळाच्या नावाखाली चाललेल्या लुटुपुटुच्या लढाईत तो ओढ्यात उभा आहे, अंगावरच्या जखमा पाण्याने भरून येताहेत आणि डोक्यावर हिरवा त्रिशूळ झळकतो. सगळे गुडघे टेकतात. दुसऱ्या दिवसापासून तो तीन नंबरच्या भल्यामोठ्या केबिनमध्ये एकटा. कुठे चार ओळखी होऊ लागल्या होत्या, तर बापाच्या नावाने त्याही तोडल्या.

हे रायर्डननी हवेतून काढलेलं नाही. बापाला शोधत निघालेली मुलं ग्रीक कथांत ठायी ठायी आहेत. थिसियसचा बाप एजियस ट्रोझेन गावी शिळेखाली तलवार आणि पायताण ठेवून गेला होता: मुलाला शिळा उचलता आली तर अथेन्सला पाठव. थिसियस पोचला तेव्हा बापाच्याच पंक्तीत त्याच्या हाती विषाचा प्याला आला, आणि तलवार ओळखली म्हणून वाचला. फेथॉनचं तर याहून वाईट. मित्राने बापावरून हिणवलं म्हणून तो सूर्याच्या महालात गेला आणि तू माझा बाप असशील तर तुझा रथ एक दिवस मला दे, म्हणाला. शपथेत अडकलेल्या सूर्याने रथ दिला, घोडे आवरेनात, पृथ्वी होरपळू लागली आणि झ्यूसने त्या पोरावर वज्र टाकलं. सूर्याचा मुलगा, त्याच्या जन्मावरून भर सभेत झालेली विचारणा, नदीत सोडलेली पेटी: मराठी वाचकाला इथे कर्ण आठवल्याशिवाय राहत नाही. ‘मृत्युंजय’ आणि ‘राधेय’ वाचून वाढलेल्या आपल्या पिढ्यांना ही जखम नवी नाही.

म्हणूनच या मालिकेतलं मला सर्वात मोलाचं पात्र पर्सी नव्हे, ल्यूक आहे. हर्मीसचा मुलगा, अकरा नंबरचा म्होरक्या, नव्या पोरांना झोपायला जागा काढून देणारा. शिबिरातला उत्तम तलवारबाज. हाच मुलगा देवांविरुद्ध फिरतो आणि क्रोनसला, म्हणजे स्वतःची मुलं गिळणाऱ्या बापाला, परत उठवायला निघतो. निवड चुकीची, भयंकर. पण त्याच्यामागे जाणारी पोरं मूर्ख नाहीत. ज्यांना आईबापांनी विचारलं नाही, ती विचारणाऱ्याच्या मागे जातात. किशोरांच्या कादंबरीत खलनायकाचं म्हणणं इतकं खरं असणं विरळाच. पाचव्या पुस्तकात ल्यूक स्वतःच्या मर्मावर घाव घालून आपल्या अंगात शिरलेल्या क्रोनसला संपवतो आणि मरताना पर्सीकडे मागणं मागतो ते अकरा नंबरच्या मुलांसाठी, पुन्हा असं होऊ देऊ नकोस म्हणून.

मेडुसाबद्दल मात्र माझं रायर्डनशी पटत नाही. ओव्हिडच्या कथेत पोसायडनने अथेनाच्या देवळात मेडुसावर बळजबरी केली आणि शिक्षा झाली ती तिला. पर्सी त्याच पोसायडनचा मुलगा. देवांच्या बेजबाबदारपणाचा हिशेब मांडायला निघालेल्या लेखकासमोर याहून थेट दाखला नव्हता. पण पहिल्या पुस्तकात मेडुसा ही पोसायडनची जुनी मैत्रीण होऊन जाते, न्यू जर्सीच्या रस्त्यालगत बागेतल्या पुतळ्यांचं दुकान चालवणारी. बारा वर्षांच्या वाचकाला सगळं उघड सांगावं असं नाही, पण तिच्या बाजूने दोन वाक्यं तरी हवी होती. २०२३ च्या दूरचित्रवाणी मालिकेत ती तिला मिळाली. तिथे मेडुसा आपली बाजू मांडते आणि मुलांना ती ऐकून घ्यावी लागते.

त्याच धाग्याचं दुसरं टोक मात्र फार सुंदर विणलं आहे. मूळ कथेत पर्सियसची आई डॅनाई हिच्यामागे पॉलिडेक्टीस राजा लागलेला असतो. मुलगा मेडुसाचं मस्तक घेऊन परततो, राजाला दगड करतो, आईची सुटका होते. पर्सीची आई सॅली न्यूयॉर्कमध्ये मिठाईच्या दुकानात काम करते आणि गेब नावाच्या घाणेरड्या, हात उगारणाऱ्या नवऱ्याबरोबर राहते. पोराला राक्षसांपासून वाचवायला तिने हे लग्न निभावलंय. गेबच्या उग्र वासात अर्धदेवाचा वास लपतो. शेवटी पर्सीच्या हाती पेटाऱ्यात ठेवलेलं मेडुसाचं मस्तक आहे, गेब घरात आहे. पर्सी तो पेटारा आईजवळ ठेवून निघून जातो. निर्णय तिचा. सॅली तो घेते. पुढे पत्ते खेळणाऱ्या माणसाचा एक अगदी हुबेहूब पुतळा कलादालनातून विकला जातो आणि त्या पैशांत नवं घर होतं, विद्यापीठात प्रवेशही. डॅनाईला जे कधी करता आलं नाही, ते सॅली स्वतःच्या हाताने करते. आईने मुलाचं नाव पर्सियस ठेवलं त्याचं कारणही पुस्तकात येतं: शेवट बरा झालेल्या मोजक्या वीरांपैकी तो एक होता.

ऑलिम्पस पर्वत एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर का, याचं स्पष्टीकरण पुस्तकात असं दिलंय की पाश्चात्त्य संस्कृतीचं केंद्र सरकत जातं तसे देवही सरकतात. हा मालिकेतला सर्वात कच्चा दुवा. लिफ्टने ऑलिम्पसला जाण्याची गंमत कुणालाही आवडेल, पण तिच्यामागचं तत्त्वज्ञान अमेरिकेच्या बाहेर राहून वाचताना घशाखाली उतरत नाही.

वयाचा मुद्दा महत्त्वाचा, कारण तो पुष्कळदा नजरेतून सुटतो. ही पुस्तकं बारा वर्षांच्या मुलाची आहेत. पाच पुस्तकांवर एक भाकीत लटकतंय, ते नायक सोळा वर्षांचा होईल त्या दिवसाबद्दल. म्हणजे वाचक आणि पर्सी बरोबरीने मोठे होणार. २०१० च्या चित्रपटात निर्मात्यांनी पर्सीला सुरुवातीलाच किशोरवयाच्या ऐन मध्यावर नेऊन ठेवलं. रायर्डननी त्याआधीच, २००९ मध्ये, वय वाढवू नका असं निर्मात्यांना पत्राने कळवलं होतं. ऐकलं गेलं नाही. ऐन किशोरवयातला नायक बापावर रागावतो तेव्हा ते बंड वाटतं. बारा वर्षांचा मुलगा रागावतो तेव्हा प्रश्न बापाला विचारावा लागतो. २०२३ च्या दूरचित्रवाणी मालिकेत पर्सी पुन्हा बारा वर्षांपासून सुरुवात करतो, आणि तिच्या निर्मितीत स्वतः रायर्डन आहेत.

पाचव्या, २००९ च्या पुस्तकात युद्ध संपतं आणि देव पर्सीला अमरत्व देऊ करतात. ग्रीक कथांत हेराक्लिसने जे मिळवलं तेच. पर्सी नको म्हणतो आणि त्याऐवजी स्टिक्स नदीची शपथ घ्यायला लावतो: तेराव्या वर्षापर्यंत प्रत्येक मुलाला ओळख द्यायची, आणि ज्यांना आजवर केबिन नव्हती त्या देवांच्या मुलांनाही शिबिरात जागा करायची. पाताळाचा देव हेडीससुद्धा त्यात आला. झ्यूसचं वज्र चोरीला जाण्यापासून सुरू झालेली पाच पुस्तकं झोपायच्या जागेच्या तरतुदीवर येऊन थांबतात. पुराणकथेत बदल करणं म्हणजे काय, हे मला याहून नेमकं दाखवता येणार नाही.

रायर्डन तिथेच थांबले नाहीत, हे मात्र सांगायला हवं. २०१६ साली सुरू झालेल्या नव्या मालिकेत झ्यूस अपोलोला शिक्षा म्हणून माणूस करतो: सोळा वर्षांचा, तोंडावर पुटकुळ्या आलेला लेस्टर. सूर्यदेवच तो, फेथॉनच्या जातकुळीचा. तो शिबिरात येतो आणि त्याची सोय सात नंबरमध्ये होते, म्हणजे त्याच्या स्वतःच्या मुलांच्या केबिनमध्ये. तिथे त्याचा मुलगा विल त्याला तपासतो, कारण शिबिराचा वैद्य तोच आहे. हजारो वर्षं ज्याला मुलं म्हणजे नावांची यादी होती, त्याला आता त्यांच्या शेजारच्या पलंगावर झोपून त्यांचं बोलणं ऐकावं लागतं.

पुढच्या भागात आपण अटलांटातल्या एका संग्रहालयात जाऊ. २०१८ मध्ये रायर्डननी स्वतःच्या नावाची ग्रंथमाला इतर संस्कृतींतल्या लेखकांसाठी उघडली, तिचं पहिलं पुस्तक रोशनी चोक्शी यांचं, आणि त्यातली आरू शाह ही इंद्राची मुलगी आहे.