वरची खोली जमिनीत गेली

पुतण्याने वाशिमला रिसोड रस्त्याकडच्या एका लेआऊटमध्ये प्लॉट घेतला. खरेदीखत, सातबारा, अकृषक आदेश, मंजूर नकाशा, सगळं मी स्वतः तपासलं. बँकेत तीस वर्षं दुसरं केलं काय? घरकर्जाच्या शेकडो फायली हाताखालून गेल्या. पण जमिनीखाली काय आहे, हा रकाना एकाही फायलीत नव्हता.

तो उघडला मजुराच्या कुदळीने. कुंपणाच्या आत दोन हातांवर मातीचा रंग बदलला. काळ्या मातीत पिवळसर मुरूम मिसळलेला. म्हणजे कधीतरी इथे चर खणून बुजवला होता. चेंबरचं झाकण उचलून काठी सोडली, तेव्हा कळलं की लेआऊटच्या मैलापाण्याची नळी सहा फूट खोल गेली आहे.

मिस्त्री निर्धास्त. "साहेब, चार फूट खोदू, गिट्टी भरू, अन् वर कॉलम. काही होत नाही."

पुतण्याही म्हणाला, "काका, नळी बाजूला आहे. आपल्या पायाखाली कुठे?"

फसगत होते ती इथेच. पायावरचं ओझं सरळ खाली उतरत नाही, बाजूंना पसरत जातं. इंजिनिअर लोकांचा साधा ठोकताळा असा: चराच्या तळाच्या कडेपासून वर ४५ अंशांची तिरपी रेघ काढावी, पाया त्या रेघेच्या खाली राहावा. चर सहा फूट आणि पाया चार फूट खोल, तर पायाची कड चरापासून निदान दोन फूट दूर हवी. आमची सव्वा फुटावर येत होती. उद्या नळी फुटली, दुरुस्तीसाठी चर उकरला, की त्या बाजूचा आधारच गेला.

त्यात आपली काळी जमीन! मे महिन्यात भेगांत हात जातो, श्रावणात तीच माती फुगते. गळक्या सांध्यापाशी ती बारमाही ओली राहते. मग घराचा एक कोपरा वर उचललेला आणि बाकीचे उन्हाळ्यात खाली बसलेले. मंगरूळपीरकडच्या एका कर्जदाराच्या खिडकीपासून छतापर्यंत गेलेली तिरपी भेग मला अजून आठवते. त्याचे हप्ते मात्र एकदाही चुकले नव्हते.

शेजारच्या विहिरीत डोकावलो. मुरूम चौदा फुटांवर. तिथवर खड्डे खणायचे तर बुजवलेल्या चराची भुसभुशीत माती मजुरांच्याच अंगावर यायची. सबंध घराखाली एकच स्लॅब घालावा, हा पुतण्याचा विचारही इंजिनिअरबाईंनी खोडला. अर्धा स्लॅब मूळ जमिनीवर, अर्धा भरावावर, आणि नळी कायमची गाडली जाणार.

शेवटी ठरले अंडर-रीम्ड पाइल. रूरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी विकसित केलेली ही पद्धत. साधारण साडेतीन मीटर खोल भोक घ्यायचं आणि तळाशी ते दांड्याच्या अडीच पट रुंद करायचं. पाऊसपाण्याने हलणाऱ्या मातीच्या खाली खांबाचे पाय रोवले जातात, ओझंही नळीच्या तळाखाली उतरतं. वरच्या बीमखाली आठेक सेंटीमीटर पोकळी ठेवायची. माती फुगली तर फुगू दे. चराकडची ओळ आम्ही तीन फूट आत घेतली. ओटा गेला.

खर्च वाढला तेव्हा घरात दोन दिवस कोणी माझ्याशी नीट बोललं नाही. काँक्रीट ओतायच्या दिवशी वहिनी आल्या, भोकात डोकावल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, आमची वरची खोली इथे गेली म्हणायची!"