कौटुंबिक उपभोग पाहणी

कुटुंबांचा उपभोग-खर्च, बचत व रोजगार यांसंबंधीची माहिती नमुना पद्धतीने गोळा करून तिचे विश्लेषण करण्याची आर्थिक संशोधनपद्धती. राहणीमान, दारिद्र्य व बेकारी यांचे मापन मुख्यत्वे अशा पाहण्यांवरच आधारलेले असते.

जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल याने १८५७ मध्ये बेल्जियममधील श्रमिक कुटुंबांच्या जमाखर्चावरून असे दाखविले, की उत्पन्न जसजसे वाढते, तसतसे एकूण खर्चातील अन्नाचे प्रमाण घटत जाते. हा ‘एंगेलचा नियम’ होय. उपभोग व बचत यांचा संबंध केन्सने १९३६ मध्ये चालू उत्पन्नाशी जोडला. उलट, मिल्टन फ्रीडमनच्या १९५७ मधील सिद्धांतानुसार कुटुंबे दीर्घकालीन अपेक्षित उत्पन्नाप्रमाणे खर्च करतात. एखाद्या वर्षी पीक उत्तम आले, तरी त्या वाढीव उत्पन्नाचा बराचसा भाग शिलकीत जातो.

भारतात प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिच्या १९६०–६१ च्या आकडेवारीवरून पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा अंदाज मांडला. दररोज दरडोई २,२५० उष्मांक देणारा आहार परवडण्यास ग्रामीण भागात दरमहा दरडोई १५ रु. व शहरी भागात २२·५० रु. खर्च किमान आवश्यक आहे, असे त्यांनी मानले.

अशा पाहण्यांचे निष्कर्ष प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवर फार अवलंबून असतात. २००४–०५ च्या पाहणीत सर्व वस्तूंवरील मागील ३० दिवसांचा खर्च धरल्यास दारिद्र्याचे प्रमाण २७·५% येई. कपडे, पादत्राणे, शिक्षण, रुग्णालयीन उपचार व टिकाऊ वस्तू यांच्यापुरता मागील ३६५ दिवसांचा खर्च धरल्यास तेच प्रमाण २१·८% भरे. गरिबांची संख्या कोट्यवधींनी बदलली, ती केवळ स्मरणकाल बदलल्यामुळे. हे लक्षात न घेता दोन पाहण्यांची तुलना केल्यास धोरण चुकण्याचा संभव असतो.

बचतीचे मापन त्याहून अवघड आहे. उत्पन्नातून खर्च वजा करून ती काढल्यास दोन्हींतील लहान चुकाही बाकीत मोठ्या होतात. शिवाय शेतकरी कुटुंबात घरखर्च व शेतीखर्च वेगळे करणे कठीण जाते. रोजगाराच्या बाबतीत एम्. एल्. दांतवाला समितीने १९७० मध्ये बेकारीचा एकच आकडा देण्याच्या प्रथेवर आक्षेप घेतला. त्यानंतर १९७२–७३ पासून नेहमीची स्थिती, चालू आठवड्यातील स्थिती व दैनंदिन स्थिती असे तीन निकष रूढ झाले. स्वतःच्या शेतावर राबणारे व घरगुती काम सांभाळून अधूनमधून मजुरी करणाऱ्या स्त्रिया यांची गणना निकषागणिक बदलते.

२०१७–१८ पासून नियतकालिक श्रमबल पाहणी घेतली जाते. २०२२–२३ च्या उपभोग पाहणीत एकूण खर्चातील अन्नाचा वाटा ग्रामीण भागात सु. ४६% व शहरी भागात सु. ३९% आढळला; २०११–१२ मध्ये तो अनुक्रमे सु. ५३% व ४३% होता. ही घट एंगेलच्या नियमाशी सुसंगत असली, तरी २०२२–२३ मध्ये माहिती-संकलनाची पद्धतही बदललेली होती. म्हणून आकड्यांबरोबर ते मिळविण्याची रीतही तपासणे आवश्यक ठरते.