श्रावणातला वाटप आणि आगरातले वाल

मुलांनो, श्रावण लागला की पनवेलच्या बऱ्याच घरांत एक सुस्कारा ऐकू येतो. ‘आता महिनाभर काय, वरण-भात आणि बटाट्याची भाजी!’ आपला हा मुलूख खाडीकाठचा. आगरी, कोळी, सीकेपी अशा कितीतरी घरांत माशाचं कालवण हेच रोजचं जेवण. त्यातून जून-जुलैमध्ये यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. आणि बंदी उठते न उठते तोच श्रावण दारात उभा!

पण गंमत बघा. मटण-मासळी उत्तम रांधणाऱ्या घरांतच शाकाहारी पदार्थही फार फर्मास होतात. हे कसं काय?

याचं गुपित आहे वाटपात. आई मटणासाठी कांदा आणि सुकं खोबरं तव्यावर अगदी तांबूस होईपर्यंत भाजते. तो खमंग वास नुसत्या कांद्याचा नसतो आणि नुसत्या खोबऱ्याचाही नसतो. उष्णतेने त्यांतली साखर आणि प्रथिनांचे घटक एकत्र येऊन नवेच वास, नव्याच चवी तयार होतात. मेयार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचं वर्णन केलं. मांस भाजताना जे होतं तेच इथेही होतं. त्याआधी १९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदांनी समुद्री शेवाळाच्या सारातून ‘उमामी’ ही चव शोधून काढली होती. मटणात आणि सुक्या मासळीत जी तोंड भरून टाकणारी चव असते ना, तीच ही. शेवाळात ती असते, पिकलेल्या टोमॅटोतही असते. म्हणजे ज्याला आपण ‘मटणाची चव’ म्हणतो, तिच्यातली बरीचशी चव वाटपाची आणि मसाल्याची! ती ज्या हाताला जमली, त्या हाताने सुरण शिजवा की वांगं, रस्सा झकासच होणार.

आता वालाचं बिरडं घ्या. आपल्या रायगड जिल्ह्यात भाताची कापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. हे कडवे वाल. मासे दहा-पंधरा मिनिटांत शिजतात, पण वालाला दोन दिवस हवेत. सकाळी भिजत घालायचे, रात्री निथळून फडक्यात घट्ट बांधायचे, दुसऱ्या दिवशी मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. चिमटीत धरून दाबला की डाळिंबी टुणकन बाहेर उडते. (हे काम घरोघर मुलांच्याच वाट्याला येतं, आणि निम्म्या डाळिंब्या जमिनीवर जातात!) मग कांदा, लसूण, नारळाचं दूध, आमसूल आणि गुळाचा खडा. डाळिंबी शिजली पाहिजे, पण मोडता कामा नये. पापलेटची तुकडी न मोडता उलटणाऱ्यालाच हे नीट जमतं, असं माझं तरी मत आहे.

शेवळं तर त्याहून अवघड. पहिल्या पावसाच्या सुमारास ठाकूर-कातकरी बायका डोंगरातून शेवळांच्या जुड्या बाजारात आणतात. ही जमिनीतून वर येणारी, भाल्यासारखी टोकदार, जांभळट भाजी. तिच्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, म्हणून ती घशाला खाजते. अळू खाजतं तेही याचमुळे. म्हणून आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं आणि काकडाच्या आंबट फळांचा रस घालायचा. ही काकडं त्याच बायका शेवळांबरोबर देतात. मात्र मोठ्या माणसांशिवाय हा प्रयोग करू नका हं! एरवी शेवळांत खिमा किंवा कोलंबी घालतात, पण डाळ किंवा वाल घालूनही ती तितकीच रुचकर लागतात. टाकळा आणि कुर्डू त्या मानाने गरीब, धुऊन चिरून लसणावर परतले की झाले.

पालकांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली. आसपासच्या किती शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, हे आपण डोळ्यांनी पाहतोच आहोत. शेत गेलं की वाल जातात, माळ गेला की टाकळा जातो. माझ्या वर्गात टाकळा ओळखणारी मुलं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी! रविवारी बाजारात जाल तेव्हा मुलांना बरोबर न्या. टोपली घेऊन बसलेल्या मावशींना ‘ही भाजी कशी करायची?’ असं मुलांनाच विचारू द्या. त्या हौसेने सांगतात.

आणि श्रावण संपल्यावर? थंडीतली पोपटी आहेच. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, मग वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, मीठ आणि ओवा. पाण्याचा थेंबही नाही. तोंड पाल्यानेच गच्च बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. हौशी मंडळी आत कोंबडी नाहीतर अंडी घालतात, पण आधी हात जातो तो शेंगांकडेच. पोपटी झाली हे कसं ओळखायचं? मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडा. चर्र आवाज आला की काढा बाहेर!