कसब्यात दर्जा कोणाचा वाढतो?

पुणे शहरात 'दर्जेदार' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. दर्जेदार घरे, दर्जेदार दुकाने, दर्जेदार जीवनमान! बिल्डरांच्या फलकांवर हा शब्द आहे, विकास आराखड्यांच्या प्रस्तावनांत आहे आणि पुढाऱ्यांच्या भाषणात तर हमखास आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी कसबा पेठेच्या पोटातून मेट्रो सुरू झाली. शहराच्या या सर्वात जुन्या पेठेत आता जागेला काय भाव येणार, याचा हिशेब ज्यांना मांडायचा ते मांडतीलच. आम्हाला वेगळा हिशेब मांडायचा आहे. हा दर्जा ठरवतो कोण? तो मोजतात कशाने? आणि मोजून झाल्यावर पेठेत शिल्लक राहतो कोण?

मराठीत 'दर्जा' या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वस्तूचा दर्जा, दुसरा माणसाचा. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेत समानतेचे जे अभिवचन आहे ते माणसाच्या दर्जाचे आहे. नगररचना खात्याच्या नियमात जो दर्जा आहे तो विटा, सिमेंट आणि रस्त्याच्या रुंदीचा आहे. पहिला वाढावा म्हणून दुसरा वाढवायचा असतो. प्रत्यक्षात मात्र दुसरा वाढवण्यासाठी पहिल्याला पेठेबाहेर काढले जाते. आमची तक्रार हीच आहे.

कसबा म्हणजे मूळ पुणे. तांबट आळी, कुंभारवाडा, शिंपी आळी, भोईवाडा, कागदीपुरा ही नावेच सांगतात की हे गाव हाताने काम करणाऱ्यांनी वसवले. पुण्याचा इतिहास मात्र पलीकडच्या शनिवारवाड्यापासून सुरू होतो असे शाळेतल्या मुलांना वाटते. त्या वाड्याच्या राजवटीतही शहराचे 'नियम' होतेच. अस्पृश्याने गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून चालावे, हा पेशवाईच्या पुण्याचा नियम बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या प्रबंधात जगापुढे ठेवला. तोही एका अर्थाने शहर स्वच्छ राखण्याचा नियमच होता! रस्ता शुद्ध राहावा म्हणून माणूस अशुद्ध ठरवला गेला.

पेशवाई १८१८ साली बुडाली, पण ती वृत्ती इमारतींच्या बांधणीत शिल्लक राहिली. जुन्या शहरांतील टोपलीचे संडास आठवा. वाड्याच्या मागच्या बाजूला एक अरुंद बोळ आणि संडासाच्या भिंतीला खाली एक छोटे दार. घरमालकाचे तोंड दिसू नये, अंगणात पाऊल पडू नये, मागच्या मागे मैला उचलून न्यावा, अशी सोय. म्हणजे दोन घरांच्या मधे जागा सोडण्याचा नियम सगळीकडे उजेडासाठी आला असे नाही. काही ठिकाणी तो भंग्याला मागून आणण्यासाठी आला. नकाशा काढणाऱ्याच्या पट्टीत जात असते, ती अशी.

उजेड आणि हवेचा नियम आला तो गरिबांच्या मरणातून. १८९६ साली प्लेग आला. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. मुंबईत सरकारने १८९८ साली सुधारणा ट्रस्ट काढला, दाट वस्त्या पाडल्या आणि कामगारांसाठी चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची कित्येक वर्षे काढली. एका खोलीत संसार, शेजारच्या खोलीत अभ्यास! घराच्या दर्जाचा प्रश्न आम्हाला पुस्तकातून कळलेला नाही.

म्हणून आमची भूमिका पहिल्यांदाच स्पष्ट करतो. आम्ही दर्जाच्या विरोधात नाही. भिंत पडते तेव्हा ती आमच्या माणसावर पडते, गटार तुंबते तेव्हा ते आमच्या वस्तीत शिरते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांबरोबर काठावरच्या झोपड्याही गेल्या. कडक नियमांची सर्वात जास्त गरज कोणाला असेल तर ती आम्हाला आहे. प्रश्न आहे तो नियमांच्या नेमाचा.

या बाबतीत महात्मा फुल्यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. जोतीराव नुसते समाजसुधारक नव्हते, ते स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. खडकवासला धरणाच्या कामाशी त्यांच्या कंपनीचा संबंध होता. चुना, दगड, मजुरी आणि इंजिनिअरांची लाचखोरी हे सारे त्यांना आतून ठाऊक होते. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन पुण्यास येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा भर सभेत एकट्या जोतीरावांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे होते. मोठ्या खर्चाची मंडई बांधण्यालाही त्यांचा विरोध होता. ती १८८६ साली उभी राहिली आणि पुढे तिला त्यांचेच नाव दिले गेले! आज मेट्रोत बसून कसब्याच्या पुढच्या स्थानकावर उतरणाऱ्याने एवढे तरी लक्षात ठेवावे की जोतीरावांचा वाद इमारतीशी नव्हता. नगरपालिकेचा पैसा आधी कोणासाठी, हा त्यांचा सवाल होता.

तोच सवाल आजच्या नियमांना विचारू या. पुण्याचा विकास आराखडा १९८७ साली मंजूर झाला. त्यानंतरचा आराखडा महापालिकेच्या सभागृहात रखडला, २०१५ साली राज्य सरकारने तो आपल्या हाती घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. डिसेंबर २०२० मध्ये तर मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राला एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि मग निवडणूक होईपर्यंत प्रशासकाचा कारभार चालला. सारांश, कसब्यातल्या बोळात घर कसे बांधायचे हे ठरवताना त्या बोळात राहणाऱ्याला कोणी विचारले नाही. नगरसेवकालाही फारसे विचारले नाही. नियम मंत्रालयात झाले आणि पेठेत फक्त नोटिसा आल्या.

नियमावलीत काय मोजले जाते? रस्त्याची रुंदी, चटई क्षेत्र, उंची, बाजूची मोकळी जागा, वाहनतळ. काय मोजले जात नाही? त्या वाड्यात तीन पिढ्या राहणारा भाडेकरू, जिन्याखालच्या खोलीत राहणारी म्हातारी, पोटभाडेकरू, तळमजल्यावरचा कारागीर. पावसाळा तोंडावर आला की महापालिका धोकादायक वाड्यांना कायद्याच्या कलम २६४ आणि २६८ खाली नोटिसा बजावते. वाडा मोडकळीस आलेला असतो हे खरे. पण तो मोडकळीस येईपर्यंत त्याची दुरुस्ती कोणी होऊ दिली नाही, हे नोटिशीत लिहिलेले नसते. घर रिकामे करा, एवढेच असते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात पाडलेल्या इमारतीच्या जागी भाडेकरूला पुन्हा जागा देण्याची तरतूद आहे. पण ती ज्याच्याकडे पावती आहे त्याच्यासाठी. ज्याचे भाडे तोंडी ठरले, ज्याच्या बापाच्या नावाची पावती मालकाने बदलून दिली नाही, तो कायद्याच्या नजरेत राहतच नव्हता!

मोठ्या भूखंडांसाठी एक चांगला नियम आहे. दहा लाखांवर वस्तीच्या शहरात चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधताना वीस टक्के हिस्सा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाच्या छोट्या घरांसाठी ठेवावा लागतो. पण चार हजार चौरस मीटर म्हणजे जवळपास एक एकर. कसब्याच्या बोळात एक एकराचा वाडा कोठून आणणार? म्हणजे जिथे गरीब पिढ्यान्पिढ्या राहतो तिथे हा नियम पोहोचत नाही.

शनिवारवाड्याच्या भोवतालची तर आणखी तऱ्हा. २०१० च्या कायद्याने केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम बंद आणि पुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीशिवाय काही करता येत नाही. पेशव्यांच्या पडक्या वाड्याला कायद्याचे संरक्षण आणि त्याच्या सावलीत राहणाऱ्या जिवंत माणसाच्या छताला मनाई! स्मारके जपावीत, आमचे दुमत नाही. पण दगड जपताना माणसाला पर्याय द्यायला नको काय?

आता बिल्डरांची बाजू पाहा. ते म्हणतात, नियम फार कडक आहेत, बाजूची मोकळी जागा सोडायला लावू नका, उंची वाढवून द्या, म्हणजे पुनर्विकास होईल. हे ऐकायला गोड वाटते आणि आमचे काही कार्यकर्तेही त्याला भुलतात. त्यांनी मुंबईत गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडकडे पाहावे. प्रकल्पग्रस्त गरिबांसाठी तिथे इमारती बांधल्या, त्यांत दोन इमारतींमधले अंतर अवघे तीन मीटर. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी २०१८ साली अशा वसाहतींचा अभ्यास केला. जिथे ऊन आणि वारा पोहोचत नाही त्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त, असे त्यात आढळले. गरिबाला घर दिले आणि सोबत क्षय दिला. ही नियमांतली सवलत कोणाला मिळाली? बिल्डरला. तिची किंमत कोणी मोजली? फुप्फुसाने आम्ही मोजली.

राष्ट्रीय इमारत संहितेत राहण्याची खोली साडेनऊ चौरस मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे १०२ चौरस फुटांपेक्षा लहान नसावी असे आहे. त्याच संहितेत अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी निराळे, सवलतीचे परिशिष्ट आहे. म्हणजे श्रीमंताच्या फुप्फुसाला एक माप आणि गरिबाच्या फुप्फुसाला दुसरे. चातुर्वर्ण्य फक्त पोथीत असते असे कोणी समजू नये.

व्यापारी बांधकामाचीही तीच कथा. तांबट आळीत खाली कारखाना आणि वर घर, ही शेकडो वर्षांची रीत. तांब्यावर मठारकाम करणाऱ्याचा ठोका हाच त्या आळीचा श्वास. नव्या इमारतीत तळमजल्यावर वाहने येतात किंवा काचेचे दुकान येते. ठोक्याचा आवाज वरच्या नव्या रहिवाशाला सहन होत नाही. कुंभारवाड्यातली कितीतरी घरे मुंढव्याजवळ केशवनगरला गेली, नाव तेवढे मागे राहिले. जवळच बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे. कोणाच्या घरातील टाकाऊ वस्तू विकून तिथे कोणाची चूल पेटते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात पन्नास वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजारांना वारसा बाजार मानून तेथील विक्रेत्यांना हलवू नये असे म्हटले आहे. पण वारसा म्हटले की अधिकाऱ्यांना बुरूजच आठवतो. गोणपाटावर मांडलेले दुकान आठवत नाही.

समजा, इमारत उत्तम झाली. उजेड आहे, लिफ्ट आहे, पाणी आहे. तिच्यात आम्हाला प्रवेश मिळेल काय? पैसे मोजायला तयार असलेल्या आमच्या शिकल्यासवरल्या मुलांना आडनाव विचारले जाते, आडनावावरून कळले नाही तर 'मांसाहार करता का' असे विचारले जाते. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांचा अभ्यास करून २०१५ साली दाखवून दिले की दलित आणि मुस्लिम म्हटले की दारे बंद होतात. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातेतील एका पारशी गृहसंस्थेच्या प्रकरणात सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा हक्क मान्य केला. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात मात्र कलम २३ खुल्या सभासदत्वाचे आहे. ते कलम जिवंत ठेवणे हे चळवळीचे काम आहे.

आणि त्या दर्जेदार इमारतीचे चेंबर तुंबले तर आत कोण उतरतो? २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे गुन्हा आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या वारसाला दहा लाख रुपये देण्यास सांगितले आणि २०२३ साली ही रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढली, उतरणारा समाज तोच राहिला.

म्हणून नियमावली करणाऱ्यांकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. उजेड, वारा, आग आणि सांडपाणी यांच्या नियमात कोणालाही सवलत नको. पुनर्वसनाची इमारत आणि विक्रीची इमारत यांना एकच माप लावा. सवलत द्यायचीच असेल तर वाहनतळात द्या. नकाशा मंजूर करण्यापूर्वी वाड्यातील प्रत्येक राहणाऱ्याची यादी, पोटभाडेकरूसह, जाहीर लावा आणि परतीचा करार नोंदवल्याशिवाय एक वीट काढू देऊ नका. कारागिराच्या तळमजल्याच्या जागेला नियमात नाव द्या. चेंबर यंत्राने साफ होईल असे असल्याशिवाय भोगवटा पत्र देऊ नका. जात, धर्म किंवा ताटातले अन्न पाहून घर नाकारणाऱ्या संस्थेच्या सवलती काढून घ्या. आणि हे सारे नियम सोप्या मराठीत छापून प्रत्येक पेठेत, प्रत्येक वस्तीत वाचून दाखवा.

बांधवांनो, हरकती आणि सूचनांची मुदत वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टायपात छापली जाते आणि निघून जाते. यापुढे प्रत्येक विहारात, प्रत्येक मंडळात ती मोठ्याने वाचली गेली पाहिजे. आपल्या वस्तीचा नकाशा आपल्याला वाचता आला पाहिजे, भाड्याची पावती आजच मागून घेतली पाहिजे. शिका, म्हणजे हेही शिका.