हेलिकॉप्टर वैमानिकाचे तास आणि सराव

निवडणुकीचा हंगाम आला की तिवसा, मोझरी यांसारख्या गावांतील मोकळ्या मैदानांवर चुन्याचे वर्तुळ आखले जाते, मध्ये इंग्रजी ‘एच’ काढला जातो आणि पाहता पाहता सारा गाव तेथे लोटतो. सर्वांचे लक्ष येणाऱ्या पाहुण्याकडे असते. त्यांना आणणाऱ्या वैमानिकाकडे कोणाचे लक्ष जात नाही. जाते ते तो ‘आता उड्डाण करता येणार नाही’ असे सांगतो तेव्हाच. अशा वेळी आयोजकांची चुळबुळ सुरू होते. ‘एवढ्या अनुभवी वैमानिकाला भीती कसली?’ असेही विचारले जाते. या प्रश्नाचे उत्तर समजून घ्यावयाचे तर वैमानिकाचा अनुभव कसा मोजतात व तो ताजा कसा ठेवतात, हे पाहिले पाहिजे.

उड्डाणाची नोंदवही

प्रत्येक वैमानिकाजवळ एक उड्डाण-नोंदवही असते. उड्डाणाची तारीख, हेलिकॉप्टरचा प्रकार, मार्ग, दिवस की रात्र आणि लागलेला वेळ यांची नोंद तीत केली जाते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांनुसार व्यावसायिक हेलिकॉप्टर वैमानिकाच्या परवान्यासाठी १५० तासांचे, किंवा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केल्यास १०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. वरिष्ठ श्रेणीच्या, म्हणजे वाहतूक वैमानिकाच्या, परवान्यासाठी १,००० तास लागतात. शिक्षकाच्या सेवापुस्तकातील वर्षांप्रमाणे हे तास आयुष्यभर साठत जातात. ते कमी होत नाहीत. कौशल्याचे मात्र तसे नाही. ते वापरले नाही तर ओसरते.

दोन वैमानिक, दोन हिशेब

महाराष्ट्रात हेलिकॉप्टरचे सर्वांत नियमित काम मुंबईच्या समुद्रात चालते. १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल सापडले व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावरील तेलफलाटांवर कर्मचाऱ्यांची ने-आण करण्यासाठी जुहू विमानतळावरून हेलिकॉप्टर जातात. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या ‘पवनहंस’ या कंपनीने हे काम दीर्घकाळ केले आहे. समजा, अशा कामावरील एखादा वैमानिक दिवसाला चार तास याप्रमाणे महिन्यातून पंधरा दिवस उडतो. त्याचे महिन्याला ६० व वर्षाला ७२० तास होतील.

आता दुसरा वैमानिक पाहू. तो मान्यवरांच्या दौऱ्यांसाठी नेमलेला आहे. दौरा महिन्यातून तीनच दिवस असतो आणि दर दिवशी अर्ध्या अर्ध्या तासाचे चार टप्पे होतात. त्याचे महिन्याला ६ व वर्षाला ७२ तास भरतील. एकाच परवान्याच्या दोन वैमानिकांत असा दहापट फरक पडू शकतो.

तथापि, केवळ तासांवरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. समुद्रावरील वैमानिकाचे मार्ग व फलाट परिचित असतात. त्याला वाऱ्याच्या व हवामानाच्या नोंदी मिळतात. दौऱ्यावरील वैमानिक दर टप्प्याला नव्या मैदानावर उतरतो. आजूबाजूला वीजवाहिन्या, झाडे, मंडप व माणसे असतात. म्हणजे ज्याचे तास कमी, त्याच्याच वाट्याला अनेकदा अनोळखी जागी उतरण्याचे काम येते. सरावाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो तो येथे.

हात कशाने विसरतो?

हेलिकॉप्टर एका जागी स्थिर ठेवण्यासाठी दोन्ही हात व दोन्ही पाय एकाच वेळी कामात असतात. उजव्या हातातील दांड्याने दिशा व कल, डाव्या हातातील दांड्याने चढ-उतार आणि पायांखालच्या पट्ट्यांनी शेपटाचे वळण साधले जाते. एक बदलले की बाकीची दोन्ही जुळवून घ्यावी लागतात. इंजिन अचानक बंद पडल्यास वैमानिकाला डावा दांडा क्षणार्धात खाली करावा लागतो. तसे केले तरच खालून वर येणाऱ्या हवेवर पाती फिरत राहतात आणि हेलिकॉप्टर सुरक्षितपणे जमिनीवर उतरवता येते. येथे विचार करण्यास सवड नसते. कृती हातानेच करावयाची असते. ज्याने ही कृती अनेक महिन्यांत केलेली नाही, त्याला ती तोंडपाठ सांगता येईल, पण ती वेळेत घडेलच असे नाही.

वऱ्हाडातील उन्हाळ्याने या कामात भर पडते. पारा ४५ अंशांकडे गेला की हवा विरळ होते, पात्यांना मिळणारी उचल घटते व इंजिनाची शक्तीही कमी पडते. जे हेलिकॉप्टर सकाळी सहा जणांना घेऊन सहज उठते, तेच दुपारी तेवढ्याच वजनाने जड ठरते. उतरताना उडालेल्या धुळीत जमीन क्षणभर दिसेनाशी होते, ते वेगळेच. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच खाली आले व तारांत अडकून कोसळले. सुदैवाने सर्वजण बचावले. ३ मे २०२४ रोजी रायगड जिल्ह्यातील महाड येथे प्रचारासाठी आलेले हेलिकॉप्टर तात्पुरत्या हेलिपॅडवर उतरताना कोसळले. त्यातूनही वैमानिक वाचले. मोकळे मैदान दिसते तितके सोपे नसते, हे अशा घटनांवरून लक्षात येते.

नियम काय सांगतात?

उड्डाणाच्या नियमांना दोन बाजू आहेत. पहिली बाजू अतिश्रमाची. १९३७ च्या विमान नियमांनी वैमानिकाला सलग ३० दिवसांत १२५ तासांची कमाल मर्यादा घातली. पुढे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने उड्डाणाचे तास, कामाचे तास व विश्रांती यांविषयी अधिक तपशीलवार बंधने घातली. पहाटेपासून हेलिपॅडवर ताटकळत बसलेला वैमानिक उडत नसला तरी कामावरच असतो, हे येथे ध्यानात ठेवावे.

दुसरी बाजू सरावाची. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार मागील ९० दिवसांत त्याच प्रकारच्या हेलिकॉप्टरवर किमान तीन वेळा उड्डाण व तीन वेळा अवतरण केल्याखेरीज वैमानिकाकडे व्यावसायिक उड्डाणाचे प्रमुखपद सोपवता येत नाही. त्याच्या कौशल्याची चाचणी वर्षातून दोनदा घ्यावी लागते. शिवाय वैद्यकीय तपासणी ठराविक मुदतीने होत राहते. हजारो तासांचा वैमानिकही या अटींतून सुटत नाही.

नियमाने ठरविलेली ही किमान मर्यादा होय. ९० दिवसांत तीन अवतरणे झाली म्हणजे कागद पूर्ण झाला. धूळ, वारा व अंधार यांना तोंड देण्याची तयारी झालीच, असे मात्र नव्हे. म्हणून जबाबदार संस्था आपल्या वैमानिकांना प्रशिक्षकासह सरावाची स्वतंत्र उड्डाणे देतात व सिम्युलेटरवर पाठवितात. बंगळूर येथे यासाठी खास केंद्र आहे. आपल्या राज्यात नाशिक येथील सैन्याच्या विमानचालन प्रशिक्षण केंद्रात लष्करी हेलिकॉप्टर वैमानिक घडविले जातात. इंजिन बंद पडणे, आग लागणे यांसारखे प्रसंग सिम्युलेटरवर जिवाला धोका न पत्करता पुन्हा पुन्हा घडवून आणता येतात.

सरावाची किंमत

सराव हाही जोखमीचा असतो. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी मुंबईच्या समुद्रात रात्री फलाटावर उतरण्याचा सराव करीत असलेले ‘पवनहंस’चे हेलिकॉप्टर कोसळले आणि त्यातील दोन्ही वैमानिकांना प्राणास मुकावे लागले. मग असा सराव करावयाचाच कशाला, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर असे की, फलाटावरील एखादा कामगार मध्यरात्री गंभीर आजारी पडला तर त्याला किनाऱ्यावर आणण्यासाठी कोणीतरी अंधारात उतरणे भाग असते. त्या रात्री प्रथमच प्रयत्न करणे हे सरावापेक्षाही अधिक धोक्याचे आहे.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबई हाय परिसरात ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला. नौदलाने जहाजे व हेलिकॉप्टर यांच्या साह्याने शोध घेऊन त्यावरील १८६ जणांना वाचविले. खवळलेल्या समुद्रावर हेलिकॉप्टर स्थिर ठेवून दोराने माणूस वर घेणे हे शांत दिवसांतील अनेक निरस तालमींचे फळ होय. गडचिरोलीच्या दुर्गम भागात मतदान पथके पोहोचविणारे वैमानिकही अशाच तयारीच्या बळावर जंगलातील लहानशा मोकळ्या जागेत उतरतात.

आपले कर्तव्य

तालुका पातळीवरील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांचा वैमानिकाच्या सरावाशी थेट संबंध नाही. परंतु त्याचे काम सोपे किंवा अवघड करणे बऱ्याच अंशी त्यांच्या हाती आहे. हेलिपॅडची जागा सुचविताना भोवतालच्या प्रत्येक तारेची माहिती द्यावी. गावकऱ्यांना माहीत असलेली तार वरून दिसत नाही. मैदानावर अगोदर भरपूर पाणी मारावे. वाऱ्याची दिशा दाखविणारे निशाण लावावे. मंडपाची कापडे, पत्रे व कागद दूर ठेवावेत. शाळेचे मैदान असल्यास मुलांना दोरखंडाच्या बाहेर व शिक्षकांच्या देखरेखीखाली बसवावे. पाती पूर्ण थांबल्याशिवाय कोणासही जवळ जाऊ देऊ नये.

आणि कार्यक्रमाची वेळ आखताना सूर्यास्ताच्या अगोदर पुरेसा अवधी राखावा. भाषणे लांबली, सत्कार वाढले, की त्याचा भार शेवटी वैमानिकावर पडतो. तेव्हा त्याने ‘नाही’ म्हटले तर त्याचा शब्द अंतिम मानावा. पाहुण्यांसाठी मोटारीची सोय तयार ठेवावी. तिवसा राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. येथून मोटारीने अमरावती गाठणे मुळीच कठीण नाही. वैमानिकाचा नकार ही त्याच्या अनुभवाची उणीव नसते. आपला सराव कोणत्या परिस्थितीला पुरेल व कोणत्या परिस्थितीला पुरणार नाही, हे ओळखणे हाच त्याच्या शिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग असतो.