बोटभर नळीतला महाशीर

मे महिन्यात बऱ्हाणपूरचा पारा चाळिशी ओलांडून बराच वर चढतो. तापीतून काढलेला मासा अशा उन्हात बघता बघता मऊ पडतो आणि त्याच्या पेशींतली विकरं डीएनएचे तुकडे पाडू लागतात. म्हणून डीएनएसाठीचा नमुना नदीकाठीच घ्यावा लागतो.

नखाएवढा पराचा तुकडा पुरतो. पर पुन्हा वाढतो, मासा जिवंत सोडता येतो. हा तुकडा बोटभर नळीत 95 टक्क्यांच्या इथेनॉलमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये, बुडवतात. अल्कोहोल पेशीतलं पाणी ओढून घेतं आणि विकरं लुळी पडतात. इथे हावरटपणा नडतो. नळीत मोठा तुकडा कोंबला, की त्यातल्या पाण्याने अल्कोहोल पातळ होतं आणि आतला भाग कुजतो. दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदललेलं बरं. दर माशानंतर कात्री पुसायची, नाहीतर एकाचा डीएनए दुसऱ्याच्या नळीत जातो. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहायची, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. आणि निनावी नमुना काय कामाचा?

संग्रहालयांची जुनी सवय फॉर्मालिनची. त्यात माशाचा आकार छान टिकतो, डीएनए मात्र प्रथिनांशी जखडला जाऊन तुटतो.

एवढी खटपट कशासाठी, याचं उत्तर कावेरीत आहे. लोणावळ्याजवळ वाळवणला टाटांच्या वीज कंपनीने 1970च्या दशकापासून महाशीर या माशाचं बीज तयार केलं. ते दूरदूरच्या नद्यांत सोडलं गेलं, कावेरीतही. या परक्या जातीपुढे तिथला मूळचा कुबडवाला महाशीर मागे पडत गेला. जगभरच्या गळवाल्यांना ठाऊक असलेल्या या माशाला धड शास्त्रीय नावही नव्हतं! अखेर 2018मध्ये, कावेरीच्या खोऱ्यातल्या मोयार नदीतल्या माशांची ठेवण आणि डीएनए ताडून तो ‘टोर रेमादेवी’ असल्याचं सिद्ध झालं. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला.

मध्य प्रदेशाचा राज्यमासाही महाशीरच, पण वेगळ्या जातीचा: टोर टोर. महाशीरच्या जाती नुसत्या नजरेने ओळखताना जाणकारही चुकतात. जात ठरवायला बहुधा सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा भाग वाचतात. हे जनुक मायटोकॉन्ड्रियातलं; पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, त्यामुळे बिघडलेल्या नमुन्यातूनही ते कधीकधी हाती लागतं. पण ते आईकडूनच येतं. बाप दुसऱ्या जातीचा असेल, तर त्याचा पत्ता लागत नाही. संकर शोधायचा तर पेशीकेंद्रातला डीएनए लागतो. त्याच्या प्रती दोनच, आणि खराब नमुन्यात आधी दगा देतो तो हाच.