एका घरात पाच वाचक, पाच आवडी

घरात जेवणारी माणसं पाच असली, की पाचांच्या पाच तऱ्हा असतात. एकाला ठेचा हवा, दुसऱ्याला वरण, लहानग्याला नुसता गूळ-भाकरीचा काला. घरची बाई कुरकुरत का होईना, पण प्रत्येकाचं मन राखते. पुस्तकाच्या बाबतीत मात्र आपण सगळ्यांना एकच वाढतो, आणि कुणी ताट बाजूला सारलं, की म्हणतो, 'आपल्या लोकांना वाचनाची आवडच नाही!'

जालना जिल्ह्यात परतूर तालुक्यातलं आष्टी घ्या, नाहीतर त्याच्या आसपासचं कोणतंही गाव घ्या. आपल्या वस्तीतल्या घरात फळीवर काय दिसतं? बाबासाहेबांचा फोटो, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म', पोरांची शाळेची पुस्तकं आणि थोरल्याची स्पर्धा परीक्षेची गाइडं. यातलं काहीच वावगं नाही. वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात ग्रंथवाचन होतं, आयाबाया कामावरून येऊन ऐकतात, हे तर आपलं भूषण आहे. पण उरलेले नऊ महिने काय? आणि ज्याचं मन गोष्टीत, गाण्यात नाहीतर विज्ञानात रमतं, त्याने काय वाचायचं?

आपल्याकडे पुस्तक उशिरा आलं, याला कारण आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि तिथल्या शिक्षणाची भाषा मुख्यतः उर्दू होती. बाबासाहेबांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९५० साली महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावाजलं. तेव्हा कुठे खेड्यापाड्यातल्या आपल्या मुलांना उच्च शिक्षणाची वाट मोकळी झाली. म्हणून आपल्या कितीतरी घरांत मनाजोगं पुस्तक निवडून वाचणारी ही दुसरी-तिसरीच पिढी आहे. ज्यांना अक्षरच नाकारलं होतं, त्यांना आवडनिवड कुठली? म्हणूनच आज ती असणं ही चैन नाही, तो आपला हक्क आहे.

स्वतः बाबासाहेब काही नुसती क्रमिक पुस्तकं वाचून मोठे झाले नाहीत. विद्यार्थी भीमराव अवांतर वाचनात रमत. सुभेदार रामजींना ते फारसं रुचत नसे, तरी ते लेकींकडून उसने पैसे आणत, वेळेला त्यांचा दागिना गहाण ठेवून पोराला हवं ते पुस्तक आणून देत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. त्या भेटीतून पुढे काय घडलं, ते आपण जाणतोच. ते पुस्तक परीक्षेला नव्हतं, हे मात्र ध्यानात ठेवावं.

आता कुणाला काय द्यावं, ते पाहू.

घरातल्या आजीला वाचता येत नसेल, पण ऐकता येतं. तिला नातवाने वामनदादा कर्डकांच्या गीतांचा संग्रह वाचून दाखवावा. अर्ध्या ओळी तिला आधीच पाठ असतील! मग बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' घ्यावं. बेबीताई फलटणला छोटं दुकान चालवत. मालाच्या पुड्या बांधायला आलेली रद्दीतली वर्तमानपत्रं त्या वाचत, आणि दुकानात बसूनच घरच्यांच्या नकळत लिहीत. लिहिलेलं कित्येक वर्षं लपवून ठेवावं लागलं. ते पुस्तकरूपाने आलं १९८६ साली. आजी ऐकेल आणि म्हणेल, 'हे तर आमचंच हाय!'

घरच्या आईला कापूस वेचून आल्यावर जाड ग्रंथ झेपत नाही. तिला आपल्या बोलीतली कादंबरी द्या. रा. रं. बोराडे यांची १९७१ची 'पाचोळा' ही मराठवाड्यातल्या खेड्यातल्या एका शिंप्याच्या घराची गोष्ट आहे, आणि ती सांगते घरची बाई, पार्वती. ऊर्मिला पवार यांचं २००३ सालचं 'आयदान' हेही तसंच जवळचं. आयदान म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपल्या. आई त्या विणायची, लेकीने पुस्तक विणलं.

घरच्या बापाला रांगडी, झुंजीची गोष्ट हवी असेल, तर अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा'. १९५९ची ही कादंबरी अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. भाषणं ऐकायची आवड असेल, तर राज्य शासनाच्या 'लेखन आणि भाषणे' या मालेतला अठरावा खंड पाहावा. त्याच्या तीन भागांत बाबासाहेबांची मराठी भाषणं आहेत. आपल्याच माणसांपुढे, त्यांना कळेल अशा भाषेत केलेली.

कॉलेजात जाणाऱ्या मुलाला दया पवार यांचं 'बलुतं' (१९७८) आणि प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी' (१९७९) द्यावं. सोनकांबळे मराठवाड्याचेच. आईबाप लहानपणीच गेले, बहिणीच्या आसऱ्याला राहून शिकले, मिलिंदमध्ये पोचले. ज्याला शिक्षण सोडून द्यावंसं वाटतंय, त्याने ते एकदा वाचावं. कवितेचं वेड असेल, तर नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आहे आणि ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता'ही आहेत. एकात मुंबईची जळती वस्ती, दुसऱ्यात आपल्याकडचं रान. दोन्ही आवडले तरी बिघडत नाही.

मुलगी वयात येत असेल, तर तिला सांगा, की १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली, तीही तिच्या हाती द्या. आणि तिला नुसती मजेची गोष्ट वाचायची असेल, तर तीही वाचू द्या. 'गोष्टी वाचून का पोट भरणार?' हे पोरीलाच आधी ऐकवलं जातं.

लहानग्यांसाठी बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. धर्मानंद कोसंबींच्या जातककथा आहेत, भा. रा. भागवतांचा खोडकर 'फास्टर फेणे' आहे. शाळेला कंटाळलेल्या पोराला जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान' द्यावं. आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणाऱ्या शाळेची ही खरी हकीकत नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत आणली आहे. 'असं का?' म्हणून सारखं विचारणाऱ्याला जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आणि नरेंद्र दाभोलकरांची अंधश्रद्धेवरची पुस्तकं द्यावीत. प्रवासाची हौस असणाऱ्याला कोसंबींचंच 'निवेदन'. बुद्धाच्या शोधात हा माणूस गोव्यातलं घर सोडून निघाला आणि नेपाळ, श्रीलंकेपर्यंत पोचला.

एवढी पुस्तकं मजुरी करणाऱ्या घराने घ्यायची कशी? एकट्याने घ्यायचीच नाहीत. वस्तीतल्या दहा घरांनी एकेक घेतलं, तर दहा घरांना दहा वाचायला मिळतात. पण दहाही घरांनी एकच घेतलं, तर विहारात एका पुस्तकाच्या दहा प्रती पडून राहतील. आवडी वेगळ्या आहेत म्हणूनच ग्रंथालय उभं राहतं! विहारात एक कपाट, एक वही. नेणाऱ्याने नाव आणि तारीख लिहावी, पंधरा दिवसांत परत आणावं. वही एखाद्या आठवीतल्या मुलीकडे सोपवावी, ती चोख ठेवते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबासोबत दोन पुस्तकं जाऊ द्यावीत. फाटून आली तरी चालतील, न वाचता कोरी राहण्यापेक्षा ते बरं.

पुस्तकं मिळण्याच्या जागा आपल्याला ठाऊकच आहेत. १४ जानेवारीला नामविस्तार दिनी विद्यापीठाच्या गेटवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला, ६ डिसेंबरला दादरला पुस्तकांचे स्टॉल लागतात. परतूरहून रेल्वेने जाणारे आपले लोक कमी नाहीत. फक्त यंदा निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाला, अगदी आजीला आणि धाकट्यालाही, विचारावं, 'तुला कसलं पुस्तक आणू?' आणि जे सांगतील, ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावं.